सुमतीचे बेचाळीस रकाने

"एक कथा माझ्याकडून," असं वसंतराव निमकर जयपूरच्या मराठी मंडळाच्या सभेत हात वर करून म्हणाले, तेव्हा खरं तर कुणीतरी त्यांचा हात खाली ओढायला हवा होता. पण शेजारचे दशरथराव वानखडे साबुदाणा वड्यात गुंतले होते आणि बाकीच्यांना सभा आटपून घरी जायची घाई होती. गणेशोत्सवाच्या अंकाची संपादक प्रणिता. तिनं यंदा जाहीरच करून टाकलं होतं की प्रवासवर्णनं पुरे. गेल्या वर्षी अंकात एकाच चारधाम यात्रेची तीन वर्णनं आली होती आणि तिन्हींत खेचर तेच होतं. यंदा कथा हव्यात, चार हव्यात, आणि आषाढ अमावास्येच्या आत हव्यात.

वसंतरावांचं नाव इतिवृत्तात चढलं. विमा कंपनीच्या क्लेम विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला तोंडी शब्दाची फारशी पर्वा नसते, पण इतिवृत्त म्हणजे इतिवृत्त. ते नाव चढत असतानाच बायकांच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. ते नाक वसंतराव एकोणचाळीस वर्षं ओळखत होते.

"हसलीस का?" वैशाली नगरला घरी येताना त्यांनी स्कूटरवरून मागे वळून विचारलं.

"मी? वड्याचा ठसका लागला," प्रतिमाबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."

आता प्रतिमाबाईंचं हसू एवढं का झोंबावं, तर त्या बाई वाचणाऱ्या. नऊ बदल्या झाल्या, आणि एक गाव सोडलं तर प्रत्येक गावात ट्रकमधून उतरल्यावर दूधवाला कोण हे विचारायच्या आधी त्यांनी लायब्ररी कुठे हे विचारलं. जयपूरला मराठी लायब्ररी नाही, म्हणून त्यांची सांगलीची बहीण दर दोन महिन्यांनी पुस्तकांचं पार्सल पाठवते. वसंतरावांनी शाळेचं पुस्तक सुटल्यापासून गोष्ट म्हणून वाचलेली नव्हती. क्लेमचे अर्ज तेवढे वाचले, आणि त्यातल्याही बऱ्याच गोष्टीच होत्या म्हणा. तर त्यांनी मनाशी एकच ठरवलं. अंकात छापून येवो न येवो, प्रतिमानं कथा वाचावी, शेवटपर्यंत वाचावी, आणि हसू नये.

पहिला मसुदा एका सकाळीत झाला. त्याची सुरुवात अशी होती:

"दिनांक १४ मार्च रोजी सकाळी अंदाजे नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुमती नावाची एक विवाहित स्त्री (वय ६१) राहत्या घरी मयत झाली. सदर स्त्रीच्या पश्चात पती (वारसदार) असून त्यांस अत्यंत दुःख झाले."

प्रणितानं ते वाचलं. ती बँकेत नोकरीला, वय पस्तीसच्या आसपास, आणि कथालेखनाचा आठ शनिवारांचा ऑनलाइन कोर्स केलेली. कोर्स केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक तेज येतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"काका, माहिती सगळी आहे," ती म्हणाली, "पण 'दुःख झाले' असं सांगून टाकायचं नाही हो. दाखवायचं."

"दाखवायचं म्हणजे पुराव्यानिशी?"

"हो, म्हणजे… तसंच काहीसं," प्रणिता म्हणाली. तिथे ती चुकली.

चार दिवसांनी वसंतरावांनी दुसरा मसुदा दिला. मजकूर तोच होता, पण सोबत परिशिष्ट अ जोडलं होतं: सुमतीच्या राहत्या घराचा नकाशा, प्रमाण एक इंचास चार फूट. पती ज्या ठिकाणी दुःखात बसला होता तिथे लाल फुली मारली होती. प्रणिता बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिली. मग तिनं हळूच सुचवलं की काका, आधी आपण पात्रावर काम करू या का.

पात्रावर काम कसं करतात हे वसंतरावांनी मुलाला फोन करून विचारलं. वरुण गुरुग्रामला संगणकाच्या कंपनीत असतो. त्याला काहीही विचारलं तरी तो एका हातानं दुसरंच काम करता करता उत्तर देतो, आणि ते उत्तर बरोबर निघतं, याचा वसंतरावांना फार राग येतो.

"बाबा, कॅरेक्टरची पूर्ण माहिती आधी काढायची," वरुण म्हणाला. "तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, चहा कसा पिते. गोष्टीत नाही आलं तरी तुम्हाला माहीत पाहिजे. आणि मेन म्हणजे तिला काय हवंय? मतलब, हवंय पण मिळत नाही. तीच तर स्टोरी आहे."

"आणि हे सगळं आणायचं कुठून?"

"जे माहीत आहे तेच लिहा ना. ओळखीचं माणूस घ्या."

माणसाची पूर्ण माहिती काढायची म्हटल्यावर वसंतरावांचा चेहरा खुलला. म्हणजे इतके दिवस मंडळी हेच म्हणत होती तर. त्यांनी कपाटातून जुने, कोरे राहिलेले विम्याचे प्रपोजल फॉर्म काढले. निवृत्त होताना माणूस ऑफिसातून काही ना काही आणतो, कुणी टाचणीचा डबा आणतो, कुणी पंचिंग मशीन, वसंतरावांनी फॉर्म आणले होते. त्यात नाव, जन्मतारीख, उंची, वजन, ओळखीची खूण, कौटुंबिक आजार, नॉमिनी असे छत्तीस रकाने छापलेलेच होते. खाली त्यांनी हातानं सहा वाढवले: आवडता रंग, चहात साखर किती, कशाची भीती, कशाचा राग, मृत्यूचं कारण, आणि बेचाळिसावा, "पात्रास काय हवे आहे?"

ओळखीचं माणूस घरातच होतं. त्यांनी सवयीनं पहिल्या रकान्यात "प्रतिमा" लिहिलं, मग जीभ चावली, ते खोडलं आणि वर "सुमती" लिहिलं. पहिले बारा रकाने झरझर भरले. जन्मतारीख पाठ होती, हनुवटीवरचा तीळ पाठ होता. मग गाडी अडली. आवडता रंग? त्यांनी डोळे मिटून प्रतिमाबाई डोळ्यांपुढे आणल्या, तर साडीचा रंग काही केल्या दिसेना. चहात साखर? एकोणचाळीस वर्षं दिवसाला दोनदा ती बाई त्यांच्यासमोर चहा पीत आली होती. वसंतरावांना स्वतःच्या कपातली साखर तेवढी ठाऊक होती. ते थोडे ओशाळले. पण ओशाळून रकाना भरत नाही.

मग सरळ तिलाच का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. क्लेम विभागात कधी काम केलंय तुम्ही? ज्याची चौकशी करायची त्याच्याच तोंडून माहिती घेणं हे नवशिक्याचं लक्षण. आधी शेजारी, मग दुकानदार, मग फॅमिली डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी तो माणूस. शिवाय हिला विचारलं असतं तर हिनं पुन्हा नाकातल्या नाकात हसून दाखवलं असतं.

चौकशीला निघण्याआधी ते दशरथरावांचा सल्ला घ्यायला मुरलीपुऱ्याला गेले. दशरथराव रेल्वेत गार्ड होते, मूळचे अकोल्याचे. मंडळाच्या सहलीला बस बंद पडली तर लोक मेकॅनिकच्या आधी दशरथरावांना शोधतात, कारण त्यांनी एक किस्सा सुरू केला की दोन तास कुठे गेले हे कळत नाही. त्यांनी मसुदा हातात घेतला, चष्मा वर केला, वाचला, आणि बायकोला, भीमाबाईंना, आणखी एक चहा सांगितला.

"साहेब, रागावू नका," ते म्हणाले. "तुमची गोठ टेसनावरच उभी हाय. सिग्नल भेटला, झेंडी दाखवली, पण गाडी कोण्या गावाले चालली थेच ठाव नाही."

"मग काय करू?"

"कागदाकडे पाहू नका. आयकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा. त्यानं 'मंग?' म्हनलं पायजे. तो 'मंग?' म्हनत नाही तवरोक समजाचं का गाडी हाललीच नाही." मग म्हणाले, "अन् त्या बाईले पयल्याच वळीत काहून मारता हो बिचारीले?"

हा प्रश्न वसंतरावांनी मनावर घेतला. बाई पहिल्या ओळीत मरणार नाही, शेवटी मरेल. न मरून कसं चालेल? चौतीस वर्षांत माणूस मेल्याशिवाय त्यांच्याकडे फाइलच उघडली नव्हती. घरी येऊन त्यांनी एक्केचाळिसाव्या रकान्यात, मृत्यूच्या कारणात, तीन पर्याय टिपून ठेवले: "१) हृदयविकार – फार साधे. २) जिन्यावरून पडणे – शेजारी बघतील. ३) गॅस – जास्त पटण्यासारखे, कुणाला संशय येणार नाही." पुढे कंसात लिहिलं, "नॉमिनी पती. विचार करणे."

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली.

शेजारचे माथुरजी हे कॉलनीच्या विकास समितीचे अध्यक्ष. त्यांच्या बायकोला वसंतरावांनी गेटपाशी गाठून विचारलं, की आमच्या मिसेस आपल्याशी काय काय बोलतात, कधी उदास वाटतात का, त्यांना कशाची भीती वाटते असं काही बोलल्यात का. भाजीच्या ठेल्यावर विचारलं, मॅडम एकट्याच येतात का, किती वाजता येतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं, मॅडमना कुठला रंग आवडतो. सगळी उत्तरं ते जागच्या जागी वहीत लिहीत, खाली तारीख घालत आणि "और कुछ जो आप बताना चाहें?" असं गंभीरपणे विचारत. लोक घाबरून गप्प बसले. चौकशी योग्य दिशेनं चालल्याचं ते लक्षण आहे, असं वसंतरावांना वाटलं. फॅमिली डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं की पेशंटची माहिती मिळणार नाही, तुम्ही बसा, आधी तुमचंच बीपी बघू. ते वाढलेलं निघालं.

गुरुवारी ते बाजारात फोटोकॉपी काढायला गेले. मूळ प्रत आपल्याकडे, एक प्रणिताला, एक रेकॉर्डला. दोन प्रती घेतल्या, आणि मूळ फॉर्म मशीनच्या झाकणाखाली तसाच राहिला. चौतीस वर्षं त्यांनी हाताखालच्या लोकांना याच चुकीसाठी मेमो दिले होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला एक गोड समजूत असते की आपलं लिहिलेलं इथे कुणाला वाचता येत नाही. अरे, लिपी तीच आहे. दुकानदारानं झाकण उचललं आणि वाचलं. वर कंपनीचं नाव, खाली "प्रतिमा" खोडून "सुमती". मृत्यू, हृदयविकार, गॅस, संशय, पती, विचार करणे. एवढ्याला मराठी यावी लागत नाही. त्यानं तो कागद पिशवीत घातला आणि थेट माथुरजींच्या घरी नेऊन दिला.

शुक्रवारी सकाळी माथुरजी घेवर ही तिकडची सावनातली मिठाई घेऊन आले. इकडचा सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे आपल्या आषाढातच घरोघरी घेवर फिरू लागतो आणि कुणाच्याही घरी जायला निमित्त मिळतं. माथुरजी बसले, पंख्याकडे बघितलं, प्रतिमाबाईंकडे जरा जास्तच बघितलं, आणि "भाभीजी, तबीयत ठीक है ना?" असं तीनदा विचारलं. मग म्हणाले, "ज़रा रसोई देख सकता हूँ?" स्वयंपाकघरात त्यांनी गॅसचा रेग्युलेटर बंद केला, पाइप वाकवून बघितला, आणि त्यावरची तारीख चष्म्याशी धरून वाचली.

"निमकर साहब," दारात चपला घालताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "ज़िंदगी में ऊँच-नीच सबके होती है. इस उम्र में आदमी को सब्र से काम लेना चाहिए."

आपलं लेखन रखडल्याचं या गृहस्थाला कसं कळलं, याचं वसंतरावांना आश्चर्य वाटलं. सांत्वनानं ते भारावून गेले.

"सब्र ही कर रहा हूँ, माथुरजी," ते म्हणाले. "लेकिन गणपती से पहले मामला निपटाना है."

माथुरजी चपला उलट्या घालून गेले.

दहा वाजता वरुणचा फोन आला. "बाबा, माथुर आंटीनं मला मेसेज केलाय की मम्मीला काही दिवस माझ्याकडे घेऊन जा. काय चाललंय?" आणि वसंतराव "तिच्या पात्रावर काम चाललंय" असं सांगत असतानाच फाटकावर मोटरसायकल थांबली. बीट कॉन्स्टेबल रणजीत सिंह आत आले. धिप्पाड माणूस, मिशा वळवलेल्या, पण आवाज मऊ. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला.

वसंतरावांना आधी आनंदच झाला. "अरे, ये मिल गया?"

"ये आपका लिखा है?"

"जी."

"भाभीजी का नाम प्रतिमा है. यहाँ काटकर सुमती लिखा है. क्यों?"

"कहानी के लिए."

"और ये गैस?"

"वो भी कहानी के लिए. क्लायमॅक्स है."

रणजीत सिंहांनी मिशीवरून बोट फिरवलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी बऱ्याच कहाण्या ऐकल्या होत्या, पण आरोपीनं पहिल्याच वाक्यात ती कहाणी असल्याचं कबूल करावं, हे नवीन होतं. "कहानी है तो सुनाइए," ते म्हणाले आणि वही उघडून बसले.

आता ऐकवणार काय? कथा होती कुठे? होते ते बेचाळीस रकाने, त्यातले एकोणतीस कोरे. वसंतरावांनी घसा साफ केला आणि "दिनांक चौदा मार्च को सुबह अंदाज़न नौ चालीस पर" अशी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला रणजीत सिंहांनी जांभई दाबली. वसंतरावांनी ती पाहिली, कारण दशरथरावांनी सांगितल्याप्रमाणे त्यांचं लक्ष ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे होतं.  पोलिसांची भीती होतीच, पण समोरचा माणूस कंटाळला याचं जास्त वाईट वाटलं.

"ये सब छोड़िए," रणजीत सिंह म्हणाले. "सीधा बताइए, आपका भाभीजी से कभी झगड़ा हुआ?"

"झगड़ा?" वसंतराव विचारात पडले. खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती. "एक बार हुआ था. नांदेड में. बत्तीस साल हो गए."

"किस बात पर?"

"ट्रक पर."

पेन थांबलं. "ट्रक पर? फिर?"

आणि वसंतराव सांगू लागले. त्यांचं हिंदी मध्येच गावी, मिरजेला, जाऊन येत होतं, पण सांगू लागले. नांदेडहून लातूरला बदली झाली होती. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, वरुण तीन वर्षांचा, तो ड्रायव्हरच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवत होता. आणि बायको रिकाम्या घरात वळकटीवर बसून लायब्ररीचं पुस्तक वाचत होती. पुस्तक जुनं, त्याचा पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, नाव काय कुणास ठाऊक. शेवटची तीसेक पानं राहिली होती. ते जाता जाता परत करायचं होतं. ती म्हणाली, फक्त अर्धा तास थांबा.

"फिर?"

"मैंने कहा, ट्रक किसी के लिए रुकता नहीं. वो बोली, किताब में एक औरत कुएँ के पास खड़ी है, हाथ में चिट्ठी है, बंद. खोलती है या कुएँ में फेंकती है, बस इतना देख लेने दो. मैंने हाथ से किताब ले ली."

रणजीत सिंहांनी वही मिटली होती. "फिर?"

"लायब्ररी रास्ते में थी. किताब वापस करने के लिए ट्रक रुकवाया, दो मिनट. मैं ही उतरा."  हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. "अहमदपूर में चाय पीने उतरे, तब भी कुछ नहीं बोली. लातूर आया, सामान उतरा, तब बोली, दूधवाले को देखो. बस. लायब्ररी के बारे में वहाँ पूछा ही नहीं, छह महीने तक. पहली बार."

 घेवर तसाच झाकलेला होता.

"और उस औरत ने चिट्ठी खोली कि नहीं?" रणजीत सिंहांनी विचारलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

"पता नहीं."

"मलाही नाही," दारातून आवाज आला. प्रतिमाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. वसंतरावांनी चमकून मान खाली घातली.

रणजीत सिंहांनी चहा घेतला, प्रतिमाबाईंना दोन प्रश्न विचारले, कंपनीचा फॉर्म खासगी कामाला वापरणं बरं नाही असं वसंतरावांना सुनावलं, आणि वहीत काहीतरी एका ओळीत लिहून उठले. फाटकाशी पोचल्यावर ते परत आले. "चिट्ठी का पता चले तो बताइएगा," ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली. पलीकडच्या गच्चीत माथुरजी कपडे वाळत घालत होते. माथुरजींना कपडे वाळत घालताना कॉलनीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

फॉर्म टेबलावर पडला होता. प्रतिमाबाईंनी चष्मा लावला आणि तो पहिल्यापासून वाचायला घेतला. वसंतरावांनी वर्तमानपत्र उघडलं आणि एकच जाहिरात पाच वेळा वाचली.

"पेन द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी उरलेले रकाने भरले, गणिताचा पेपर तपासावा तशा भरत गेल्या. वजन खोडून टाकलं. आवडता रंग, जांभळा. चहात साखर, "नाही. अकरा वर्षं झाली." कशाची भीती, "निघायची वेळ झाली असं कुणी म्हटलं की." कशाचा राग, तिथे नुसतं "वाचा रकाना ४२". मृत्यूच्या कारणात त्यांनी तिन्ही पर्यायांवर काट मारली आणि लिहिलं, "इतक्यात नाही. सिलिंडर माझ्या नावावर आहे." मग बेचाळिसावा रकाना, "पात्रास काय हवे आहे?" 

त्यांनी लिहिलं, "अर्धा तास."

फॉर्म नवऱ्यासमोर ठेवून त्या आत गेल्या. वसंतरावांना तो वाचायला वेळ लागला. अकरा वर्षं, हे त्यांना फार लागलं. अकरा वर्षांत आठ हजार कप तरी झाले असतील, आणि त्यातला एकही आपण पाहिला नाही, असं त्यांच्या मनात येत राहिलं. त्यांना कुणाचाही सल्ला आठवेना. त्यांनी नकाशा बाजूला सारला, कोरे कागद घेतले आणि लिहायला बसले. दोन दिवस त्यांनी कुणाला फोन केला नाही, कुणाची चौकशी केली नाही. भाजीवाल्यानं आपणहून विचारलं, "बाबूजी, सब ठीक?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी कथा पूर्ण झाली. सात पानं होती. आता परीक्षेचा क्षण. त्यांनी ती प्रतिमाबाईंच्या हातात दिली, त्यांच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला, तो आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केला होता आणि त्यात पत्ती फार झाली होती, आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"असे तोंडाकडे काय बघताय?"

"तू वाच."

कथेत कुणीही मेलं नाही. ट्रक भरून उभा आहे, बाई वळकटीवर बसून वाचते आहे, आणि नवरा हातातलं घड्याळ बघून पुस्तक घ्यायला आत येतो. येतो आणि दारातच थांबतो. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगतो की अर्धा तास लागेल. ड्रायव्हर कुरकुरतो. नवरा त्याला लिंबाखाली बसवतो, शेंगा आणून देतो, पोराला खांद्यावर घेऊन गल्लीतून फिरवतो, आणि तीनदा दारापर्यंत येऊन तीनदा न बोलता परत जातो. शेवटी बाई पुस्तक मिटते. ट्रक सुटतो. नवरा विचारतो, "उघडलं का तिनं पत्र?" बाई म्हणते, "लातूर येईपर्यंत सांगते." आणि अहमदपूरला चहा प्यायला उतरतात, तेव्हाही दोघं बोलतच असतात.

वाचताना प्रतिमाबाई एकदा हसल्या, शेंगांपाशी. पण ते नाकातलं हसू नव्हतं. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. तोंड काही उघडं राहिलं नव्हतं, पण चहा पार निवला होता आणि त्यावर साय धरली होती.

"शुद्धलेखनाच्या चुका आहेत," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. बराच वेळ पुसला.

कथा प्रणिताकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. फोनवरचं वसंतरावांना नीट ऐकू येत नाही, म्हणून तो स्पीकरवर असतो.

"काका, मी खरंच चकित झाले," प्रणिता म्हणाली. "ट्रक दिसतो, ती बाई दिसते, शेवट तर मस्तच. घेतली कथा. एकच छोटीशी गोष्ट आहे, रागावू नका. कोर्समध्ये आम्हाला सांगायचे की पात्र पटायला हवं. बाकी सगळे पटतात, पण तो नवरा आहे ना, तो काही पटत नाही. बदलीवाला ऑफिसर, सामान भरलेलं, ड्रायव्हर खोळंबलेला, आणि हा बायकोच्या पुस्तकासाठी अर्धा तास ट्रक थांबवतो? असा नवरा असतो का हो? त्याला थोडा बदलता येईल का?"

वसंतरावांनी जवळचं पेन उचललं. संपादकाचं म्हणणं योग्य होतं. क्लेम विभागात त्यांच्यासमोर असा नवरा आला असता तर त्यांनीही फाइल चौकशीला लावली असती. "बरं," ते हळूच म्हणाले, "बदलतो."

तेवढ्यात प्रतिमाबाई ओट्यापासून आल्या, पदराला हात पुसले आणि फोन त्यांच्या हातातून घेतला.

"प्रणिता, मी बोलते आहे. त्या नवऱ्याला हात लावू नकोस."

"पण काकू, तो पटत नाही ना."

"पटतो," प्रतिमाबाई म्हणाल्या. "जरा वेळ लागतो. पण पटतो."